एकविसावा माणूस

आंबेढाकच्या माणसांनी एक गोष्ट पक्की ठरवली होती. जंगलखात्याच्या यादीतनं कुणाचंही नाव काढायचं नाही.

रेशनकार्डावरचं नाव कमी होऊ दे, सातबाऱ्यावर वारस लागू देत, मतदार यादीत काय व्हायचं ते होऊ दे. या एका यादीला हात लावायचा नाही. त्याला कारण होतं. आंबेढाक हे गाव आता गाव म्हणून उरलेलंच नव्हतं. आधी अभयारण्य झालं, मग ते रान वाघासाठी राखीव झालं, आणि पंधराएक वर्षांमागं अख्खं गाव उठून सांगलीकडच्या उसाच्या पट्ट्यात वसाहतीत येऊन बसलं. माणसं आली, गुरं आली, दाराच्या चौकटीसुद्धा आल्या. देवी निनाई तेवढी वर राहिली, दिवटीमाथ्यावर. जुन्या गावाच्या डोक्यावर तो काळा, उघडा माथा उभा आहे. चहूकडं रान, आणि मोटार जाईल अशी वाट पायी चार तास खाली. खात्यानं वर्षातनं एक दिवस वर जायला परवानगी दिली, चैत्रातल्या पुनवेच्या आधीचा रविवार. माणसं पंचवीस, नावानिशी, आधारच्या नंबरासकट.

पहिल्या काही वर्षांत दोन म्हातारी गेली, एकजण मुंबईला कायमचा राहिला, एकीला चढ झेपेना. माणसं सरळ. त्यांनी ती चार नावं काढून नवी चार घातली आणि अर्ज पाठवला. खात्यानं काढलेली चार काढली आणि घातलेली चार घेतली नाहीत. पंचवीसाची एकवीस झाली. तवापासून गाव शहाणं झालं.

"मंजूर कागुद हलवायचा नसतो," असं मानसिंग म्हणायचा. मानसिंग फौजेतनं हवालदार होऊन आलेला. त्यामुळं वसाहतीचे सगळे कागद त्याच्याकडं, आणि कागदाबद्दलचं सगळं शहाणपणही त्याच्याकडंच. पुढची नऊ वर्षं निनाईच्या कृपेनं एकवीसच्या एकवीस जिवंत राहिले. मग भाद्रपदात त्यातले आप्पासो गेले.

फाल्गुनात मानसिंग यादीची झेरॉक्स घेऊन आप्पासोंच्या घरी आला, तेव्हा त्यांची बायको बनुबाई वाती वळत बसली होती.

"वयनी, आप्पांचं नाव तसंच ठेवलंय."

"बरं," बनुबाई म्हणाली.

"नाक्यावर सकाळी हंबीरराव वनपाल नावं पुकारतो. आप्पांचं नाव आलं की आपल्यातला शंभूराज हजर म्हणंल. गैरहजर लिवलं की नाव तुटतंय. संध्याकाळी काय, त्यो नुसता विचारतो, आलं का रं समदं? आलं म्हणायचं. संपलं." त्यानं झेरॉक्सची घडी घातली. "तुमी येणार न्हवं?"

शेजारी अंबूबाई बसली होती, मानसिंगची आत्या. सत्तरीची, पण चढायला अजून सगळ्यांच्या पुढं. ती म्हणाली, "वरीस झालं न्हाई मानसिंगा. वर्साच्या आत देवाच्या दारात कशी जाईल ती?"

"न्हाई गेली तर एकोणीस जाणार आत्ती. एक नाव आपुन जगवायचं, आन जिती बाई घरी ठेवायची?"

"तुझी जीभ बग कशी चालती."

"येते मी," बनुबाई म्हणाली.

जावंसं वाटलं म्हणून ती म्हणाली नाही. न जावंसंही वाटलं नव्हतं. सात महिने तिचं असंच चाललं होतं. पहाटे उठायची, तुळशीला पाणी घालायची, अकरा प्रदक्षिणा, देवापुढं निरांजन, संध्याकाळी हरिपाठ. नेमात एका दिवसाचा खंड नव्हता. पूर्वी देवापुढं हात जोडले की पलीकडं कुणीतरी ऐकतंय असं तिला वाटायचं. आता ते वाटत नव्हतं. वाटत नाही म्हणून नेम सोडावा, असं मात्र तिच्या मनात आलं नाही. नेम वाटण्यावर चालत नसतो.

बायका आपसात बोलायच्या, रडली न्हाई, दगड झालीया. तिच्या कानावर यायचं. मुलगा विश्वजीत फौजेतनं तेरा दिवस येऊन गेला, तोही जाताना म्हणाला, आई, एकदा रडून घे. तिनं मान हलवली होती. रडून घे म्हणजे नेमकं काय करायचं, ते तिला कळलं नव्हतं.

त्यात गावानं मागं ग्रामसभेत ठराव केला होता. नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, कुंकू पुसायचं नाही. ठराव चांगला होता. आप्पासोंनीच हात वर करून पाठिंबा दिला होता. त्यामुळं त्या दिवशी तिच्या अंगावरचं कुणी काही काढलं नाही. हातात हिरव्या बांगड्या तशाच, गळ्यात मणी तसेच. भाकरी थापताना कधी मनगटाकडं नजर गेली की तिला वाटायचं, अजून काही झालेलं नाही. मग बाहेर पत्र्यावर चिमण्या नाचायच्या, भाकरी फुगायची, आणि ती दुसरी थापायला घ्यायची.

रविवारी तांबडं फुटायला दोन गाड्या पाटणहून पुढं घाटात लागल्या. नाक्यावर पोचल्या तेव्हा ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यावर आलं होतं. हंबीरराव वनपाल खुर्ची टाकून बसले होते. वनमजूर रहिमान पाण्याच्या बाटल्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवत होता. गेलेली बाटली परत आलीच पाहिजे, असा नियम. रहिमान पन्नाशीतला, पाटणचाच. आंबेढाकच्या सगळ्यांना तोंडानं ओळखायचा. त्यानं बनुबाईकडं बघून मान लववली, आणि तिच्या मागं बघितलं. तेवढ्यात कुणीतरी बाटल्यांचं पोतं त्याच्यापुढं आणून ओतलं.

हंबीररावांनी मान वर न करता नावं पुकारायला सुरुवात केली. हजर, हजर, हजर.

"आप्पासो ज्ञानू शेलार."

शंभूराज मागं गाडीच्या टपावरनं हार उतरवत होता. त्याला ऐकूच गेलं नाही. मानसिंगानं घसा खाकरला. हंबीररावांचं पेन कागदावर थांबलं.

"हायत," बनुबाई म्हणाली.

तिनं काही ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं दारात कुणीही येऊन ते नाव घेतलं, टपालवाला, गॅसवाला, सोसायटीचा शिपाई, की ती आतनं हेच म्हणायची. पेन पुढं सरकलं. मानसिंगानं सुस्कारा टाकला आणि तिच्याकडं बघून हळूच म्हणाला, "झ्याक केलंसा वयनी." अंबूबाई तेवढी तिच्याकडं बघत राहिली.

वाट चढायला लागली. पहिल्या तासात बोलणं होतं, मग बोलणं संपलं आणि नुसते पाय वाजत राहिले. वाळलेला पाचोळा, मधेच करवंदीच्या जाळ्या, लांब कुठंतरी शेकरूचा खडखडाट. दुसऱ्या तासाला जुनं गाव लागलं. घरं नाहीत, जोती आहेत. जोत्यांवर झाडं उगवलीत आणि झाडं आता घरांपेक्षा उंच झालीत. दरवर्षी माणसं आपापल्या जोत्याशी थांबतात, दगडाला हात लावतात, एखादी नारळाचा तुकडा ठेवते. बनुबाईनंही आपल्या जोत्याला हात लावला. दगड सकाळच्या गारव्यानं थंड होता. थंड आहे, एवढंच तिला कळलं.

गावाच्या वरच्या अंगाला झरी होती. पाणी बोटाएवढं, पण बारमाही. आप्पासो उतरताना दरवर्षी तिथं थांबायचे. झरीतला पाला काढायचे, गाळ उपसायचे, कडेचे दगड नीट बसवायचे. आता हे पाणी गवे पितात, अस्वलं पितात, म्हणून कुणी चेष्टा केली की म्हणायचे, आपल्या आजानं बांधलीया, पितंय कोण ते बघायचं न्हाई. त्यामुळं ते नेहमी सगळ्यांच्या शेवटी नाक्यावर यायचे. वीस माणसं गाडीत बसून शिव्या घालायची. गेल्या साली पाऊण तास थांबायला लागलं होतं.

या साली झरी पाल्यानं भरलेली होती. बनुबाईनं बघितलं आणि ती पुढं गेली.

माथ्यावर पोचायला बारा वाजले. वर झाड नाही, आडोसा नाही. काळा कातळ, त्यावर गुडघ्याएवढी दगडांची घुमटी, आणि तिच्यात निनाई, शेंदरानं गोल झालेली. वारा असा की पदर धरून बसायला लागतं. तिथनं कोयनेचं पाणी दिसतं, पलीकडं डोंगरामागं डोंगर, आणि कुठंही माणसाची खूण नाही. पूर्वी तिला इथं आलं की भरून यायचं. वाटायचं, एवढं मोठं सगळं आणि त्यात आपली आई एकटी बसलीया, ऊनपाऊस खात.

अंबूबाईनं हळदकुंकवाचा करंडा हातात घेतला. जरा घुटमळली.

"बने, तू नुस्तं पाणी घाल. कुंकू मी लावते. वरीस होऊ दे."

"व्हय आत्ती."

तिनं पाणी घातलं. शेंदरावरनं ओघळ आले, वाऱ्यानं निम्मे तिच्याच पायावर उडाले. तिनं हात जोडले, डोळे मिटले. काय मागायचं ते सुचेना, म्हणून काही मागितलं नाही. आरती झाली, खोबरं वाटलं, बायकांनी पदराआड धरून दिवा चार वेळा लावला, आणि चारी वेळा तो विझला. माथा होता तसाच होता.

उतरून नाक्यावर आले तेव्हा पाच वाजून गेले होते. खुर्चीत हंबीरराव नव्हते. साहेबांचा फोन आला म्हणून दुपारीच पाटणला गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण वनरक्षक होती, अंकिता नावाची. मूळची रहिमतपूरची, नोकरीला सहा महिने झालेले. गणवेशाची इस्त्री मोडलेली नव्हती, आणि हातात यादी होती.

"किती जण गेले होते?"

"एकवीस," मानसिंग म्हणाला. "आलं समदं."

तिनं बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं. "वीस आहेत."

"परत मोजा की मॅडम. माणसं हलत्यात."

"मग हलू नका."

माणसं ओळीत उभी राहिली. रहिमाननं प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत मोजलं. वीसच भरली.

"बाटल्या?" अंकितानं विचारलं.

"एकेचाळीस गेलत्या, एकेचाळीस आल्या," रहिमान म्हणाला. "बाटल्या समद्या हायत मॅडम. माणूसच राहिलाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अंकितानं नावं पुकारायला सुरुवात केली. एकेकाचं तोंड बघत, टिक करत. आप्पासो ज्ञानू शेलार या नावाला शंभूराजनं आपलं काम चोख बजावलं.

"हजर."

"तुम्ही आत्ताच शंभूराज म्हणून हजर झालात."

शंभूराज टोपी काढून डोकं खाजवायला लागला. अंकितानं पुढचं नाव वाचलं.

"बनुबाई आप्पासो शेलार."

"हाय."

अंकितानं तिच्याकडं बघितलं. कपाळावरचं कुंकू बघितलं, गळ्यातले मणी बघितले, हातातल्या बांगड्या बघितल्या. तिचा आवाज एकदम खाली आला.

"काकू, काका कुठं राहिले?"

"मागं," बनुबाई म्हणाली.

हेही तिच्या तोंडाला दरवर्षीचंच होतं.

मानसिंगानं शब्द वरच्या वर झेलला. "व्हय व्हय, मागं हायत. दमानं येत्यात. दरवर्सी असंच. झरीवर बसत्यात, विचारा रहिमानला."

"खरं हाय मॅडम," रहिमान म्हणाला. "आप्पा नेहमी शेवटाला. गेल्या साली मीच शीळ घालून बोलावलं त्यास्नी."

"दहा मिनिटं थांबू," अंकिता म्हणाली.

माणसं इकडंतिकडं टेकली. बनुबाई नाक्याच्या आडव्या बांबूजवळ एका दगडावर बसली, वाटेकडं तोंड करून. गेल्या साली ती याच बाजूला बसली होती. वाट तिथनं दिसायची, वळणापर्यंत. वळणावर एक ऐनाचं झाड, त्याच्या अलीकडं आप्पासो आधी टॉवेलनं दिसायचे, मग शर्टानं, मग चालीनं.

तिला वाट बघता येत होती. सात महिन्यांत तिला कुणी कसली वाट बघायला सांगितली नव्हती. दवाखान्यातल्या बाकावर अकरा दिवस बघितली, मग डॉक्टर बाहेर आले आणि ते काम संपलं. आता पुन्हा एक बाई गणवेशात येऊन म्हणाली होती, थांबू. बनुबाई थांबली होती. आज आप्पासो नव्हते असं नव्हतं, नुसते उशीर करत होते. गाड्या उभ्या होत्या, माणसं कंटाळली होती, आणि उन्हं उतरताना दरवर्षी तिच्या मनात यायचं तेच आलं, किती येळ लावावा माणसानं. राग आला नाही. पण राग कुठं यायचा ती जागा तिला आठवली.

दहाची वीस मिनिटं झाली. अंकिता वही घेऊन तिच्यासमोर उकिडवी बसली.

"काकू, घाबरू नका. काकांच्या अंगावर काय आहे?"

"पांढरा शर्ट. धोतर न्हाई, पँट. खांद्यावर टॉवेल, निळ्या काठाचा."

"पायात?"

"चप्पल. बुटात बोटं दुखत्यात त्यांची."

"चालताना काही त्रास?"

"डावा पाय जरा वढत्यात. लांबनं बी कळतंय."

"आजार काही?"

"मूत्रपिंडाचं हाय."

"गोळ्या जवळ आहेत?"

बनुबाईला गोळ्यांची पिशवी दिसली. देवघराच्या खालच्या फळीवर होती, तिनं टाकली नव्हती. "न्हाईत," ती म्हणाली. "घरी राहिल्यात."

अंकितानं ते सगळं लिहून घेतलं. मागं बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या होत्या. अंबूबाईनं "बने," म्हणून हाक मारली.

मानसिंग जवळ आला. अंकिता वायरलेसकडं गेल्यावर तो बनुबाईशेजारी वाकला आणि दबक्या आवाजात बोलायला लागला.

"वयनी, आता सांगायचं न्हाई हां. सांगितलं की सकाळची हजेरी खोटी ठरती. ती पोरगी नवी हाय, सरळ वर रिपोर्ट करंल. परवानगीच जाईल. वीस न्हाई आन एकवीस न्हाई. निनाईला वर्साचं पाणीबी मिळायचं न्हाई. मी सांगतो तिला, आप्पा पलीकडनं कोकणात उतरलं म्हणून. पाव्हणं हायत तिकडं."

"बरं," बनुबाई म्हणाली.

मानसिंगानं जाऊन तसं सांगितलं. अंकितानं ऐकून घेतलं.

"पलीकडं कडा आहे. वाट नाही."

"आमच्या लोकांना हाय की, मॅडम. जुनी माणसं उतरत्यात."

"मूत्रपिंडाचा पेशंट, पाय ओढत चालणारा, गोळ्या नाहीत, आणि एकटा कडा उतरला? आणि तुम्ही एकोणीस जणांनी जाऊ दिलं? बायकोला सोडून?"

फौजेत खोटं एका दमात सांगायचं शिकवतात, दुसरा दम लागला तर काय करायचं ते शिकवत नसावेत.

अंकिता वळली. "रहिमानभाई, अजून तासभर उजेड आहे. झरीच्या वाटेनं जमेल तेवढं वर जाऊन बघा. मी वर कळवते, शोधायला माणसं मागवते. पण जपून. तो गवा तिकडंच आहे."

गवा सगळ्यांना माहीत झाला होता. पायाला जखम झालेला एकटा नर, चार दिवसांमागं त्यानं दोन वनमजुरांना झाडावर चढायला लावलं होतं आणि तास दोन तास तो खालीच उभा होता. सकाळी तोच विषय चालला होता. तेव्हा एकवीस, म्हणजे वीस माणसं गोंगाट करत जाणार होती, म्हणून कुणाला भीती नव्हती.

रहिमाननं काठी घेतली, बॅटरी बघितली, डोक्याला रुमाल बांधला. मग बनुबाईजवळ आला.

"वयनी, काळजी करू नगा. बसलं असत्याल झरीवर, गाळ काढत. यंदा पाला लय साचलाय तिथं. हात धरून आणतो. तुमी हितनं हलू नगा."

"तुमच्या घरी वाट बघत असत्याल," बनुबाई म्हणाली. हे का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"जरिनाला फोन केलाय. म्हनलं, आप्पास्नी घेऊन येतो आन मग येतो." तो बांबूखालनं वाकून पलीकडं गेला.

बनुबाई त्याच्या पाठीकडं बघत राहिली. खाकी शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. पावलं झपाझप. वळण शंभर पावलांवर होतं. सत्तर राहिली. साठ राहिली. मानसिंग जमिनीकडं बघत होता आणि कुणाशी तरी भांडल्यासारखी मान हलवत होता. पन्नास राहिली तेव्हा रहिमाननं काठी ह्या हातातनं त्या हातात घेतली आणि शीळ घातली, गेल्या साली घातली होती तशी. लांब, दोनदा. मग ऐकत उभा राहिला.

वरनं काहीच आलं नाही. तो पुढं निघाला.

"रहिमानभाई," बनुबाई म्हणाली. आवाज बसका होता, तिथवर पोचला नाही. ती उठली, बांबूला धरून उभी राहिली. "रहिमानभाई. जाऊ नगा."

तो वळला.

"न्हाईत ते वर," ती म्हणाली.

अंकिता वायरलेस खाली ठेवून आली. "मग कुठं आहेत काकू?"

बनुबाईनं तोंड उघडलं. कुठं, हे तिला खरंच सांगता येईना. हे शब्द तिनं अजून कधी उच्चारले नव्हते. सात महिने दुसरेच सगळे तिच्या वतीनं बोलत आले होते, विश्वजीत, मानसिंग, भटजी, पतपेढीतला कारकून. ती नुसती मान हलवत होती.

"कुठंच न्हाईत," ती म्हणाली. "वारले ते. भाद्रपदात. सांगलीला विश्रामबागेत दवाखान्यात होते अकरा दिवस."

अंकितानं पुन्हा तिच्या कुंकवाकडं बघितलं, मग बांगड्यांकडं.

"गावानं ठराव केलाय," बनुबाई म्हणाली, जशी काही चूक तिचीच होती. "काढत न्हाईत आमच्यात."

"सकाळी हजेरी कुणी दिली?"

"मी," बनुबाई म्हणाली.

"मॅडम, तसं न्हाई," मानसिंग पुढं आला. "त्यांचा काय दोष न्हाई. यादी माझी. नाव काढलं की तुमी माणूस तोडता, म्हणून..."

"आणि मी त्या जनावराच्या तोंडी माणूस पाठवत होते," अंकिता म्हणाली. ती ओरडली नाही, पण हातातली वही तिनं फटकन मिटली. "अजून दहा मिनिटं गेली असती तर चार चौक्यांची माणसं रानात असती. मेलेल्या माणसासाठी."

मानसिंग बाजूला सरकला.

रहिमान परत आला होता. बांबूच्या अलीकडं येऊन त्यानं काठी टेकवली, डोक्याचा रुमाल सोडला आणि तिथंच खाली बसला.

"कवा म्हनलं?"

"भाद्रपदात," बनुबाई म्हणाली.

"मला कुणी सांगितलं न्हाई." तो इतर कुणाकडं न बघता तिच्याशीच बोलत होता. "सकाळधरनं मी बघतोय, दिसंनात. म्हनलं पुढं गेलं असत्याल. गेल्या साली त्यांची तंबाखूची चंची राहिली माझ्याकडं. आज आणणार हुतो, इसरलो. घरीच हाय."

"असू दे," बनुबाई म्हणाली.

"मुंगूस चावल्यागत चालायचे बगा, पाय वढत. मी चेष्टा करायचो." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "मला न्हाई सांगितलं कुणी."

अंकितानं जबाब लिहून घेतला. आप्पासो ज्ञानू शेलार, वय सहासष्ट, सदर इसम आज रोजी वनक्षेत्रात गेलेला नाही, तो मयत आहे, असं मी लिहून देते. खाली सही. बनुबाईची शाळा चौथीपर्यंत झाली होती. तिनं एकेक अक्षर जोडत स्वतःचं नाव लिहिलं, आणि स्वतःच्या नावात मधोमध त्यांचं नाव आलं तेव्हा तेही लिहिलं. मग अंकितानं यादीवर पट्टी ठेवून एक ओळ मारली. शेवटी आकडा लिहिला, वीस.

"पुढच्या साली?" मानसिंगानं विचारलं.

"मला कळवावं लागेल. पुढचं साहेब ठरवतील." ती बनुबाईकडं वळली. "काकू, मला माहीत नव्हतं."

"तुमचं काय न्हाई त्यात," बनुबाई म्हणाली.

गाड्या निघाल्या तेव्हा डोंगरावरचं ऊन गेलं होतं. मानसिंग पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. बरंच खाली आल्यावर तो मागं न बघता म्हणाला, "एक नाव गेलं वयनी. म्होरल्या साली बाकीची ऱ्हात्यात का बगायचं."

"व्हय," बनुबाई म्हणाली.

"निनाईला काय सांगायचं मग?"

खरं तर तिला वाटलं होतं, बोलल्यावर काहीतरी होईल. छातीत काहीतरी फुटेल, डोळ्यांना पाणी येईल, बायका म्हणतात तसं मोकळं वाटेल. तसलं काही झालं नाही. रहिमान बांबूच्या अलीकडं बसून होता, तेवढं मात्र डोळ्यांपुढनं जात नव्हतं. एक माणूस जनावरापुढं जायचा राहिला. त्यापायी वीस माणसांची देवी अडचणीत आली. तिनं दोन्ही बाजू मनात धरून बघितल्या. कुठलीच जड लागली नाही. पण पुन्हा तसं झालं असतं तरी ती हेच बोलली असती, एवढं तिला कळत होतं.

पाटणच्या अलीकडं गाडी एका खड्ड्यात आदळली आणि तिच्या गुडघ्यातनं एक कळ थेट कमरेपर्यंत गेली. ती दचकली. चार तास चढ, चार तास उतार, दिवसभर पायांनी काहीच सांगितलं नव्हतं. आता दोन्ही गुडघे ठणकायला लागले. टाचा पेटल्या. पोटऱ्या आतनं कुणी पिळावं तशा आवळून आल्या. तिनं पदराखाली हात घालून गुडघा दाबला.

शेजारी अंबूबाई डोळे मिटून बसली होती. ती न बघताच म्हणाली, "दुखतंय?"

"व्हय."

"लय?"

गाडी पुलावर आली होती, चाकांचा आवाज पोकळ झाला होता.

"लय दुखतंय आत्ती."

अंबूबाईनं डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं. मग आपल्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली, म्हणजे खाली जागा झाली.

"पाय लांब कर हिकडं," ती म्हणाली. "घरी गेल्यावर निरगुडीचा पाला बांधू. आधी पाय लांब कर."